दारातच मोडलेला पाय

आर्डिस नूर्बीला आपण किती ओळखत होतो, हा प्रश्न आर्वो माकेलाला कधी पडला नव्हता. तो पडला तिच्या अंत्यविधीनंतर, चर्चच्या तळघरात, हातात हॅम सँडविच असताना. तिची भाची ग्वेन जवळ आली आणि म्हणाली, मावशीबद्दल दोन शब्द बोला ना, तुम्ही रोज तिच्याकडे असायचात. आर्वो गोंधळला. रोज असायचा हे खरं. पण ती कुठल्या गावात वाढली, लग्न का केलं नाही, कुणावर रुसली होती का, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होते ते तिच्या टीव्हीसमोरचे दुपारचे चार ते साडेचार. तेही अवघ्या दोन हिवाळ्यांतले.

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये वयस्कांसाठी बांधलेल्या एका इमारतीत दोघं एकाच मजल्यावर राहायची. ती शहाऐंशीची, तो एकोणऐंशीचा. तो जहाजांत खनिज भरायच्या गोदीवरून निवृत्त झालेला, मुळातच अबोल माणूस. एका दुपारी तो टपाल घेऊन परत येत होता. आर्डिसचं दार उघडं होतं आणि आतून एका जुन्या विनोदी मालिकेचं सुरुवातीचं संगीत येत होतं. तो तिथेच थबकला. ते संगीत त्याने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

"नुसतं ऐकून काय होणार?" आतून आवाज आला. "बूट काढ आणि आत ये. पाहायचेही पैसे पडत नाहीत."

तेव्हापासून रोजचं ठरून गेलं. आर्डिस कॉफी द्यायची, इतकी पातळ की कपाचा तळ दिसावा. आर्वो भिंतीकडच्या खुर्चीत बसायचा. मालिका काळी-पांढरी, एका हार्डवेअरच्या दुकानदाराच्या घरातली. आठवडाभरासाठी म्हणून आलेली त्याची सासू वरच्या मजल्यावर राहते आणि परत जायचं नाव घेत नाही, एवढीच गोष्ट. पुढचा विनोद दोघांना पाठ असायचा आणि तरी हसू यायचं. किंबहुना तो येणार हे माहीत असायचं, म्हणूनच आर्डिस आधीपासून हसायला लागायची. आर्वोला तेच आवडायचं. गोदीवर, आजारपणात, एकटेपणात, पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला कधी कळलं नव्हतं. इथे सगळं ठाऊक होतं आणि सगळं ठीक होणार होतं.

कधीकधी मध्येच आर्डिस पडद्याकडे बोट करायची. "हे तू पाहिलेलं नाहीस. हे मी कापलं होतं."

मग हळूहळू कळलं. इथल्या एका लहान टीव्ही केंद्रात तिने बावीस वर्षं काम केलं होतं. जुन्या मालिकांची रिळं पत्र्याच्या डब्यांतून टपालाने यायची. केंद्राला जास्तीच्या जाहिराती बसवायच्या असायच्या, म्हणून प्रत्येक भागातली दोन-अडीच मिनिटं कात्रीने काढायची, तुकडे दोरीवर चिमट्याने लटकवायचे, आणि भाग दाखवून झाला की परत जागच्या जागी चिकटवून रीळ पुढच्या गावाला पाठवायचं. काय कापायचं ते तीच ठरवायची. विनोद शक्यतो राखायची, जिन्यावरचं चढणं-उतरणं कापायची. अख्ख्या गावाने ती सासू जिना चढताना फारशी पाहिलीच नव्हती.

दुसऱ्या हिवाळ्यात आर्डिस खालावली. खुर्चीतून उठेनाशी झाली. डॉक्टरांनी काही आठवडे दिलेत, हे तिने जाहिरातींच्या मधल्या वेळात सांगितलं आणि आवाज वाढवला.

त्यानंतर आठेक दिवसांनी केकचा भाग लागला. सासू स्वयंपाकघरातून वाढदिवसाचा केक घेऊन येते, तो भाग. आर्डिसने तोंड फिरवलं.

ती म्हणाली, आयुष्यात एकदाच हात चुकला तो इथे. टेबलावर दोन भागांची रिळं होती, केकचा तुकडा जास्तच कापला गेला म्हणून दाखवण्याआधीच परत बसवायचा होता, आणि कुठला तुकडा कुठला हे सांगणाऱ्या चिमट्यांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. तिने दुसऱ्याच भागातला तुकडा चिकटवला आणि तसाच भाग गावाला दिसला. सासू केक घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून निघाली आणि दिवाणखान्यात आली ती पायाला प्लास्टर बांधून, कुबडीवर. दोन वाक्यांनंतर पुन्हा ठणठणीत, हातात केक. साहेबांनी सगळ्यांसमोर तिला झापलं. म्हणाले, आंधळ्या माणसाने यापेक्षा बरं काम केलं असतं. "अजून टोचतं," ती म्हणाली. "बावीस वर्षांचं काम कुणाला दिसलं नाही. हे तेवढं दिसलं."

आर्वोने कप खाली ठेवला. तो उठून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सांगायचंच असं ठरवून आला आणि हवामानावर बोलून गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. आपण सांगायच्या आत ही गेली तर, या विचाराने त्या रात्री त्याने जेवण तसंच झाकून ठेवलं.

चौथ्या दिवशी, बुधवारी, भाग संपला तेव्हा आर्डिस म्हणाली, "तीन दिवस तोंड उघडून मिटतोयस. मासा झालायस का मौनीबाबा?"

"तो भाग आम्ही पाहिला होता," आर्वो म्हणाला. "त्या दिवशी. मी आणि मर्ना."

मर्ना त्याची बायको. बत्तीस वर्षांची होती आणि त्यानंतरच्या वसंतात गेली. तो हिवाळा तिने आजारपणात सोफ्यावर काढला होता. कित्येक आठवडे ती हसली नव्हती, आर्वोने सगळे प्रयत्न करून पाहिले होते. आणि त्या दुपारी ती केकवाली बाई दारातून कुबडीवर आली. मर्ना उठून बसली. "अगं बाई, दारातच पाय मोडला हिचा," म्हणाली आणि हसत सुटली. पुढे शेवटपर्यंत आर्वो खोलीबाहेर निघाला की ती पांघरुणातून बजावायची, पाय सांभाळ, दार आहे.

एवढं सगळं आर्वोने सांगितलं. त्याच्या मानाने ते फारच मोठं भाषण होतं. त्याने कुणालाच हे कधी सांगितलं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मला वाटायचं तसाच भाग आहे. ती तुमची चूक होती हे आत्ता कळलं. तेव्हा कळलं असतं तर केंद्रावर येऊन आभार मानले असते."

"तू आला असतास?"

"नसतो आलो," त्याने कबूल केलं. "पण आज मानतो."

आर्डिसने रिमोटने टीव्ही बंद केला. मग तिने विचारलं, "किती हसली?"

"खोकला येईपर्यंत. मग खोकला थांबल्यावर परत."

तिने मान हलवली. दोनदा. साहेबांचं नाव घेऊन हळूच काहीतरी पुटपुटली, ते चर्चमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. मग तिने रिकामा कप त्याच्या हातात दिला. त्याने तो विसळून ठेवला, बूट घातले. गुरुवारी पहाटे ती झोपेतच गेली, पण हे दोघांपैकी कुणाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"उद्या येतो मग," तो म्हणाला.

"ये. आणि पाय सांभाळ, दार आहे."

"हो," आर्वो म्हणाला.