कुट्टप्पन बरा वाजवतो

शूलपाणी मारार चेंडा, म्हणजे केरळातला गळ्यात अडकवायचा ढोल, वाजवायला लागला त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि ती सगळी त्याने मागच्या रांगेत काढली. देवळासमोर मेळ उभा राहिला की पुढच्या रांगेतले चेंडेवाले बोल रंगवतात, मागचे नुसता ठोका धरून ठेवतात. ठोका धरणाऱ्याकडे हत्तीसुद्धा बघत नाही. पण हे शूलपाणीला कोण सांगणार? "पुढचे म्हणजे वऱ्हाडी हो," तो म्हणायचा. "मांडव मी घालायचा, हे येऊन जेवून जाणार." चहाच्या दुकानात हे भाषण रोज व्हायचं. श्रोते दोन. एक दुकानदार कुरियन, ज्याला दुकान सोडून जाता येत नव्हतं, आणि दुसरी त्याची शेळी, जी बांधलेली होती.

चार चमचे साखरेचा चहा आणि दुसऱ्याची निंदा, ह्या दोन गोष्टींवर त्याची गाडी चालायची. चहावाचून दुपारपर्यंत कसाबसा निभाव लागायचा. अमक्याचा डावा हात म्हणजे गोवऱ्या थापतोय, तमक्याला लय विचारा तर घड्याळ बघतो. झांजवाल्यांना तर तो वादकांत धरतच नसे. "भांडी घासायची ती देवळाच्या मागं घासा म्हणावं." पण त्याचा खरा खुराक होता कुट्टप्पन. वय अवघं चाळीस, हात असा की म्हाताऱ्या बायका जप विसरून ऐकत राहायच्या. शूलपाणीच्या मते कुट्टप्पन वाजवत नव्हता, चेंड्यावर माश्या मारत होता.

उन्हाळ्याच्या तोंडी, मीनम महिन्यातल्या उत्सवात ऐन रंगात शूलपाणी कोसळला. आधी चेंडा पडला, मग शूलपाणी. आणि बघणारे सांगतात की त्यात आवाज चेंड्याचाच बरा आला.

त्रिशूरच्या डॉक्टरने ईसीजी काढला आणि म्हणाला, "तुमच्या हृदयाचा ठोका मधेच गळतोय."

"गळत नाही डॉक्टर, विश्राम आहे तो," शूलपाणी म्हणाला. दोन बोटं स्वतःच्या मनगटावर ठेवली, दुसऱ्या हाताने मांडीवर मात्रा मोजल्या. "हे बघा. इथं थांबतं, आणि समेवर बरोब्बर येतं. सत्तेचाळीस वर्षांचा रियाझ आहे. हृदय कुणाचं आहे!"

नाडीत ताल सापडल्याचा आनंद झालेला हा पहिलाच रोगी. डॉक्टरने गोळ्या दिल्या, चेंडा गळ्यात अडकवायचा नाही असं बजावलं, आणि पुढच्याला आत बोलावलं.

बरं, गप्प घरी बसावं ना? पण त्याच सुमारास पुढच्या रांगेतला एक म्हातारा वारला आणि जागा रिकामी झाली. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! वयाने हक्क शूलपाणीचा, हाताने कुट्टप्पनचा. देवस्थानचा कार्यवाह म्हणाला, "चेट्टा, थोरले भाऊ तुम्ही, मान तुमचाच आहे. पण हिवाळ्यात वृश्चिक महिन्यातल्या उत्सवात परत आडवे झालात तर आमचा हत्ती बुजेल. तंकमणी वैद्यांची चिठ्ठी आणा, जागा तुमची."

तंकमणी वैद्य म्हणजे सत्तरी ओलांडलेली, सुपारीएवढी बाई. गाव डॉक्टरचा कागद वाचायचं आणि तंकमणीची मान हलते का ते बघायचं. तिने शूलपाणीची नाडी धरली ती सोडेचना. झोप कधी, जेवण कधी, पोट साफ होतं का, सगळं विचारून झालं.

"राग कुणाचा येतो?"

"मला? छे! मी कुणावर रागवत नाही. लोकच तसे आहेत."

"हं. कुट्टप्पन कसा आहे?"

शूलपाणी पाव घटका बोलला. तंकमणीने नाडीवरची बोटं हलवली नाहीत.

"पुरे," ती म्हणाली. "शूलपाणी, डॉक्टरच्या लेखी हृदय रक्त ढकलतं, ते खरंच आहे. त्याच्या गोळ्या एक दिवस जरी चुकवल्यास तर माझी पायरी चढू नकोस. पण आमचं शास्त्र म्हणतं, मनाचं घरही तिथंच, ओजही तिथंच. आणि त्या घरात तू कुट्टप्पनला माजघरात बसवून ठेवलायस. रात्रंदिवस त्याच्याशी भांडतोस. हृदयाने काय करावं?"

मग तिने सांगितलं ते असं. पावसाळ्यात कर्कटक महिना लागला की अर्जुनाची साल दुधात उकळून रोज सकाळी. चौदा दिवस छातीवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल. हलकी पेज, नऊला झोप, लोणचं बंद, साखर बंद. एकेचाळीस दिवस पथ्य. "आणि जिभेलाही पथ्य. एकेचाळीस दिवस कुणाबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. काढलास तर परत पहिल्यापासून."

बायको भार्गवी दाराशी उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. "वैद्यम्मा, त्यापेक्षा ह्यांना निर्जळी उपास सांगा. तेवढा झेपेल."

कर्कटक लागला. पहिल्या दिवशी शूलपाणीने कुरियनकडे बिनसाखरेचा चहा घेतला आणि गप्प बसला. कुरियन घाबरला. "घरी कुणी गेलं का हो?"

"नाही."

"मग काल मास्तरांचं भजन ऐकलंत ना? कसं झालं?"

शूलपाणीच्या मानेची शीर ताठ झाली. "गातात," तो म्हणाला. बिनसाखरेचा चहा ढवळला. "गातात बापडे."

पण माणूस मूळचा मागच्या रांगेतला. तोंडाने बोल काढायचे नाहीत आणि ठोका सोडायचा नाही, हे त्याला जन्मापासून ठाऊक. वैद्यबाईने शब्द बंद केले होते, भुवई कुठे बंद केली होती? मास्तरांचं नाव निघालं की डावी भुवई वर. कार्यवाहाचं नाव निघालं की दोन्ही. कुट्टप्पनचं नाव निघालं की डोळे मिटून असा चेहरा करायचा, जशी पेजेत पाल सापडली. आठवडाभरात कुरियनच्या दुकानात बसायला बाक पुरेना. सत्तेचाळीस वर्षांत शूलपाणीला इतके श्रोते मिळाले नव्हते, आणि ते तो गप्प बसल्यावर मिळाले, ह्यातून काय घ्यायचं ते त्याने घेतलं नाही. त्याने मनातल्या मनात पुढची रांग घेतली.

नववा दिवस. शूलपाणी फळीवर उताणा. छातीवर पिठाचं आळं, तंकमणीची मदतनीस ओमना त्यात चमच्याने तेल सोडतेय. कर्कटकात चेंडेवाले दगडावर चिंचेच्या काठ्यांनी रियाझ करतात. देवळाच्या आवारातून तो आवाज येत होता. कुट्टप्पन पोरांना शिकवत होता. एका पोराची काठी हातातून सुटून दगडावर टणटणत गेली.

शूलपाणी बोलला नाही. नियम म्हणजे नियम. पण नाकातून एक फुस्स निघालं, पोट हललं, पोटामागे छाती, आणि आळं फुटून तेल गळ्याकडून कानात, कानातून ओमनाच्या पायावर.

"चेट्टा! हललात का?"

"मी एक शब्द बोललो नाही."

"पोट बोललं की! आता परत पीठ भिजवा. आणि हसलात कुणाला? तुमची काठी कधी सुटली नाही वाटतं?"

"माझी?" शूलपाणीने छताकडे बघत भुवई उचलली. कानातलं तेल डोळ्यात आलं.

एकेचाळीसावा दिवस. शूलपाणी आंघोळ करून, पांढरं मुंडू नेसून, कपाळाला चंदन लावून गेला. चिठ्ठी ठेवायला खिसा हवा म्हणून सदरासुद्धा घातला.

तंकमणीने मनगट धरलं. "जेवण?"

"पेज."

"गोळ्या?"

"रोज."

"निंदा?"

"भार्गवीला विचारा. एक शब्द नाही."

"नाही बोलले वैद्यम्मा," भार्गवी म्हणाली. "घर नुसतं स्मशान झालंय."

"बरं," तंकमणी म्हणाली. "कुट्टप्पन कसा वाजवतो?"

शूलपाणी ह्याची तयारी करून आला होता. रोज आंघोळ करताना त्याने हे वाक्य घोटलं होतं. तो गोड हसला. "बरा वाजवतो," तो म्हणाला. "कुट्टप्पन बरा वाजवतो."

वाक्य सुरेख आलं. पण तंकमणीच्या बोटांखाली नाडी शेपटाला डबा बांधलेल्या कुत्र्यासारखी धावत सुटली. एक ठोका गळला, दोन एकावर एक आले. सम कुठे आणि विश्राम कुठे! शूलपाणीने नकळत दुसऱ्या हाताने मांडीवर मात्रा धरल्या आणि मधेच थांबला. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ताल सापडला नाही.

"जीभ पथ्यावर होती," तंकमणी म्हणाली. "काळीज नव्हतं."

शूलपाणीची भुवई हलली नाही.

"चेंडा नाही, शूलपाणी. डॉक्टरनेही नाही म्हटलंय, मीही म्हणते. देवापुढं उभं राहायचंच असेल तर झांज घे. सुरुवातीची संथ लय, अर्धा तास, मग खुर्ची."

"झांज," शूलपाणी म्हणाला. ओमनाने आतून एक भांडं आपटलं. मुद्दाम आपटलं असं म्हणतात.

उत्सवाच्या सकाळी कुट्टप्पन विड्याचं पान आणि सुपारी घेऊन घरी आला आणि शूलपाणीच्या पाया पडला. पुढच्या रांगेत पहिल्यांदा उभं राहायचं तर वडीलधाऱ्यांना विचारायची रीत असते. "चेट्टा, तुमची जागा मी घेतोय. काही सांगायचं असेल तर सांगा."

सांगायचं? आयुष्यभराचा साठा होता. शूलपाणीने पान हातात घेतलं, बराच वेळ उलटंसुलटं करून बघितलं. "वेग वाढला की तुझा डावा खांदा वर चढतो," तो शेवटी म्हणाला. "सैल सोड."

आणि दुर्दैव असं की कुट्टप्पनने ते ऐकलं. त्याने असं वाजवलं की हत्तीचे कान हलायचे थांबले. शूलपाणीने मागे उभं राहून अर्धा तास झांज वाजवली, खुर्चीत बसला, घाम पुसला. भार्गवीने पाण्याचं भांडं पुढं केलं.

"बघितलंस?" तो शेजारी उभ्या कुरियनला म्हणाला. "मेळ उभा असतो तो झांजेवर. चेंडेवाले काय, नुसतं कातडं बडवणारे. त्यांना ऐकू कुठं येतं!"

भार्गवीने भांडं परत घेतलं. "झालं, परत पहिल्यापासून," ती म्हणाली. "उद्यापासून परत पेज."