सोलापूरची सुंद्री

"हात दाखव आधी."

चौथीत होते मी. सोमवारची पहिली घंटा नुकतीच झालेली. बाईंनी मला वर्गाच्या दारातच अडवलं. मला वाटलं, नखं बघणार असतील. दोन्ही हात पुढं केले. बाई वाकल्या, माझी बोटं नाकाजवळ नेली, हुंगली आणि पदरानं नाक धरून मान फिरवली. टीव्हीतली मालकीण करायची अगदी तसं. अख्खा वर्ग फुटला. पोरं बाकावर हात आपटून हसायला लागली. बाई पण हसल्या. म्हणाल्या, "जा गं सुंद्री, बस जागेवर."

मी पण हसले. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, ही लहानपणापासूनच मोठी शूर होती.

ही सुंद्री कोण, तर तेव्हा टीव्हीवर आठवड्यातून एकदा एक विनोदी मालिका लागायची. तिचं नाव घ्यायची मला इच्छा नाही. मुंबईतलं चांगलं घर, गोरी मालकीण, तिचा गरीब स्वभावाचा नवरा, आणि धुणंभांडी करणारी सुंद्री. काळीकुट्ट, दात पुढं आलेले, डोक्यानं कमी. गावाकडं ती विड्या वळायची असं दाखवलं होतं. म्हणून दर भागात ती घरात पाऊल टाकायची तेव्हा मालकीण म्हणायची, हात दाखव आधी. मग हुंगायची, नाक धरायची. मागून हसण्याचा आवाज सोडायचे. आणि सुंद्री दात काढून म्हणायची, "आमी सोलापूरच्या हाय की, बाईसाब."

त्या एका वाक्यावर आमचं शहर जाम खूश. टीव्हीवर सोलापूरचं नाव! एरवी आमचं नाव यायचं ते उन्हाळ्यात, तापमान सांगताना. आता दर आठवड्याला येत होतं. पूर्व भागातल्या आमच्या बोळात तेव्हा एकच टीव्ही होता. मालिकेची वेळ झाली की बाया मांडीवरची सुपं उचलून तिथं जाऊन बसायच्या. बघता बघता विड्या वळायच्या. आता विचार केला की डोकं फिरतं. विड्या वळणाऱ्या बाया, विड्या वळत वळत, विड्यांच्या वासावर हसत होत्या. कुणाला काही वाटलं नाही. आपली बाई टीव्हीत आली, एवढाच आनंद.

माझी अम्मा त्यातलीच. आम्ही घरात तेलुगू बोलतो. अम्मानं वयाच्या आठव्या वर्षापासून विड्या वळल्या. रात्री पानं भिजवायची, सकाळी कात्रीनं कापायची, दिवसभर वळायची, आणि दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन कारखान्यात द्यायला जायची. तिथला तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून बाजूला टाकायचा. खराब आहेत म्हणायचा. कशा खराब, ते विचारायचं नाही. मी शाळेतून आले की विड्यांची तोंडं बंद करायला बसायचे. तंबाखूचा वास कातडीत जातो. साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, राखेनं जात नाही. मी सगळं करून बघितलेलं आहे.

आता खरी गोष्ट. बाईंनी मला हुंगलं, त्याच आठवड्यात मी घरी अम्माला म्हणाले, "हात दाखव आधी." ती ताटात भात कालवत होती, मला भरवायला. तिनं हसत हसत हात पुढं केला. मी हुंगला, नाक धरलं, ई म्हणाले. नाना, माझे वडील, पोट धरून हसले. शेजारची मावशी हसली. अम्मा तर सगळ्यात जास्त. मग ते रोजचंच झालं. आणि कधीतरी अम्मानं मला हातानं भरवणं बंद केलं. घरात चमचा आला. मला वाटलं, आपण सुधारलो.

आता त्याच पूर्व भागापासून थोड्या अंतरावर एका खासगी शाळेत मी शिकवते. नऊ वर्षं झाली. अजून कायम नाही. दरवर्षी नेमणुकीचा नवीन आदेश, दरवर्षी जीव टांगणीला. यंदा मात्र मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, स्वतः सांगितलं होतं की तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव पुढं जातोय, आता गडबड करू नका. शाळेत मी शुद्ध बोलते. णला ण, शला श. सुंद्रीसारखं बोललेलं एक वाक्य तिथं कुणी ऐकलेलं नव्हतं. इतकी जपून राहत होते मी.

गॅदरिंगचा विषय ठरला, आठवणीतला टीव्ही. जुन्या मालिकांमधले प्रसंग मुलांनी करायचे. बैठकीत सगळे एकेक नाव घेत होते. आणि मीच, ह्याच तोंडानं, म्हणाले की ती सोलापूरच्या सुंद्रीची घ्या की. काय हशा पिकला. सगळ्यांना आठवली. मोठ्या मॅडमनी तिथंच नक्की केलं आणि संवाद लिहायचं काम मला दिलं.

रविवारी दुपारी मी मोबाईलवर ते भाग शोधले. मिळाले. अम्माला हाक मारली, म्हटलं ये, तुझी सुंद्री लावते. ती चष्मा लावून शेजारी येऊन बसली. मी वही-पेन घेऊन बसले. पहिल्या पाच मिनिटांत माझं पेन थांबलं.

हसूच येईना. डोंबलाचं हसू. ते सुंद्रीला मारत होते. मला आठवतच नव्हतं, ते तिला मारायचे. मालकीण लाटणं फेकून मारायची आणि मागं हसण्याचा आवाज. सुंद्री वाटीभर साखर पदरात बांधते, हशा. सुंद्रीला वाचता येत नाही, हशा. सुंद्रीचं पोर आजारी, ती सुट्टी मागते, तर मालकीण म्हणते तुमची पोरं मरत नाहीत गं, हशा. हे आम्ही बघायचो? पोराबाळांसकट बसून?

मग तो हातांचा प्रसंग आला. मी तिथंच थांबवून बघितलं. नटीच्या तोंडाला, दंडांना काळा रंग फासला होता. तो मनगटाशी संपत होता. पुढं हात गोरे, मऊ, नखांना आकार दिलेला. त्या हातांनी आयुष्यात एक विडी वळली नसणार. त्या हातांना कसला वास येणार होता? वास आमच्या हातांना होता. नाक तिथं धरलं गेलं आणि हुंगले गेलो आम्ही.

मग अम्माकडं वळले. मी विचारलं, तुला आवडायची ना गं ही? ती तेलुगूत म्हणाली, "तू मला म्हणायचीस ना, हात दाखव म्हणून. मी हसायचे. नसते हसले तर तुला वाईट वाटलं असतं."

एवढं बोलून ती उठली आणि चहा ठेवायला गेली. तीस वर्षं ही बाई हे आत ठेवून माझे डबे भरत होती. मला तिच्यापुढं तोंड वर करता येईना.

सोमवारी मी मोठ्या मॅडमकडं गेले. म्हटलं, हा प्रसंग नको, दुसरा घेऊ. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, म्हणजे सांगायचा प्रयत्न केला. शुद्ध भाषेत ते नीट सांगताच येईना. त्या हसल्या. म्हणाल्या, तेव्हाचा काळ वेगळा होता, गंमत म्हणून बघायचं, आणि सुचवलंत तर तुम्हीच. शिवाय पात्रं ठरून गेली होती. मालकीण म्हणून संस्थेच्या अध्यक्षांची नात. आणि सुंद्री म्हणून पाचवीतली भाग्या.

भाग्याची आई विड्या वळते. मला माहीत होतं, मोठ्या मॅडमना पण माहीत होतं. त्या म्हणाल्या, हिला भाषा शिकवायला नको.

मी भाग्याला बाजूला घेतलं. म्हटलं, तुला नाचात घेऊ का गं? पोरीचं तोंड एवढंसं झालं. आजवर तिला गॅदरिंगमध्ये कधी एक वाक्य मिळालेलं नव्हतं. आईनं शेजारणीकडून हिरवं लुगडं मागून आणलं होतं. "मॅडम, मला काढू नका ना," म्हणाली. आता काय सांगणार तिला? दहा वर्षांच्या पोरीला काय सांगणार की तुझ्या आनंदात काय कालवलेलं आहे? तिचं काम तसंच ठेवलं. संवादातून तो हुंगायचा भाग तेवढा खोडला. दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनी तो परत घातला. म्हणाल्या, अहो, तेच तर मुख्य आहे.

दोन आठवडे मी ती तालीम घेतली. मीच. मूग गिळून. कायम व्हायचं होतं ना. रोज भाग्या हात पुढं करायची, रोज ती दुसरी पोरगी हुंगायची, आणि मी वहीत बघत बसायचे. घरी जाऊन अम्माच्या नजरेला नजर देत नव्हते.

मग एके दिवशी अध्यक्ष स्वतः तालीम बघायला आले. मागं खुर्चीवर बसले. भाग्यानं हात पुढं केले. अध्यक्षांची नात वाकली, हुंगली, नाक धरलं आणि मग संवादात नसलेलं बोलली. "ई, हिच्या हाताला खरंच येतोय."

सगळे हसले. शिक्षक, मुलं, अध्यक्ष. भाग्या पण हसली. हसत हसत तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले आणि फ्रॉकला पुसायला लागली. ते हसू मला ओळखीचं होतं. मी हसलेय तसं. माझी अम्मा हसलीय तसं, वर्षानुवर्षं.

मी उठले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं ते आमच्या बोळातलं निघालं. "बंद करा हे. हे होनार न्हाय. चला, समदी पोरं वर्गात."

नऊ वर्षांची शुद्ध भाषा एका क्षणात गेली. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "बाई, स्वतःचा न्यूनगंड मुलांवर लादू नका." मी म्हटलं, माझ्या आईनं वळलेल्या विड्यांवर मी शिकले, मला कसला न्यूनगंड. पण डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि रडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं. मुलं मात्र वर्गात गेली.

तुम्हाला वाटेल, मग तो प्रसंग रद्द झाला. कसला रद्द. चार दिवसांनी गॅदरिंग झालं. सुंद्री दुसऱ्या पोरीनं केली, तोंडाला काळा रंग लावून. लोक हसून हसून बेजार झाले म्हणे. मला हॉलमध्ये जायची मनाई होती, मी वर्गात पेपर तपासत बसले. खालून हसण्याचे आवाज येत होते. भाग्याला नाचात शेवटच्या रांगेत उभं केलं. ती आता माझ्याशी बोलत नाही. तिच्या लेखी तिचं काम मी हिसकावलं. व्हरांड्यात दिसले की मान खाली घालून जाते. तिची आई एकदा फाटकाशी भेटली. म्हणाली, "मॅडम, पोरीनं काय चूक केली ओ?"

अम्माला सगळं कळलं तेव्हा ती माझ्यावरच भडकली. तुझा आदेश निघत होता, काय गरज होती, माझे हात काय आता कामाला येणार आहेत, म्हणाली. दोन दिवस अबोला धरला. मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. नाही वाटलं.

काल मोठ्या मॅडमनी बोलावलं. वाईट बाई नाहीत त्या. समोर कोरा कागद ठेवला. प्रस्ताव शुक्रवारी जातोय. त्याआधी मी लिहून द्यायचं की तालमीच्या वेळी माझा तोल गेला आणि त्याबद्दल मी संस्थेची माफी मागते. अध्यक्षांचं तेवढंच म्हणणं आहे. "दोन ओळी तर लिहायच्यात," त्या म्हणाल्या, "आयुष्य मार्गी लागेल."

माफी मला मागायचीच आहे. अम्माची मागायची आहे, आणि ती मागू देत नाही. भाग्याची मागायची आहे, पण ती समोर उभी राहत नाही. दोन आठवडे गप्प बसले त्याची माफी आहे, उठले त्याची नाही.

शुक्रवारी तो कागद मी मोठ्या मॅडमच्या टेबलावर ठेवणार आहे. दोन ओळी लिहून झाल्या आहेत. "माझा तोल गेला नव्हता. हा प्रसंग ह्या शाळेत पुन्हा बसवला, तर मी पुन्हा उठून तो बंद पाडेन." खाली माझी सही आहे.