वामनने लावलेलं ठिगळ

तारापूरच्या आमच्या किनाऱ्यावर कुणाची होडी फुटली की बोलावणं वामनला. माणूस हट्टी, पण हाताला गुण होता. अडुसष्ट साली त्याचा मेव्हणा कमलाकांत याची होडी खडकावर आपटून बुडाशी फुटली, आणि चांगलं लाकूड काही केल्या मिळेना.

वामनच्या पडवीत तेव्हा भगवंत भाड्याने राहायचा. घाटावरचा, अणुवीज केंद्राच्या बांधकामावर कामाला. त्याने रेझिनचा डबा आणला. त्यात दुसरं औषध मिसळून धाग्यांवर ओतलं की दगडासारखं घट्ट होतं म्हणे. त्याला लागणारे काचेचे धागे मिळाले नाहीत, पण नायलॉन आल्यापासून जाळ्यांचा ताग घरोघर पडूनच होता. वामनने आधी कोऱ्या तागाचा एक तुकडा करून पाहिला. हातोडा घातला, वर उभा राहिला. वाकला, पण मोडला नाही. नुसतं रेझिन मात्र बिस्किटासारखं तुटलं. बळ तागाचंच होतं.

मग खरं ठिगळ. आमच्यात समुद्रावर जाणारी फळी असो की दोर, मोरी माशाचं तेल पाजल्याशिवाय जात नाही. वामनची बायको चिमी ही कमलाकांतची थोरली बहीण. भाऊ त्या होडीत बसणार म्हणून तिने तागाची बट न् बट तेलाने चोळली. भगवंत कामावर होता आणि त्याला विचारावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

"लाकडापरीस बेस हाय," ठिगळ थोपटत वामन मेव्हण्याला म्हणाला.

थोड्याच दिवसांत लाटांच्या माराने ते भर समुद्रात सुटलं. बाकीचे पोहून आले, कमलाकांत आला नाही.

पालथी होडी किनाऱ्याला लागली तेव्हा तिच्याजवळ वामन, भगवंत आणि मी, एवढेच होतो. वामनने फळीला लटकलेला तुकडा ओढला. ताग रेझिनमधून सुळकन अख्खा बाहेर आला, एक धागा तुटलेला नव्हता. भगवंतने त्या तागाचा वास घेतला. तेलकट धाग्याला रेझिन धरतच नाही, हे त्याने रडत रडत सांगितलं.

"चिमीच्या कानावर जाता नये," वामन एवढंच म्हणाला.

घरी चिमीने विचारलं, "कशानं सुटला?"

"माजा हात चुकला. औषध कमी पडला."

मला त्याचा संताप यायचा. अरे बाबा, चिमीला सांगून मोकळा हो, म्हणून मी किती डोकं फोडलं! त्याचं काम गेलं, किनाऱ्यावरची पत गेली. चिमी त्याला जेवण वाढायची आणि पाठ फिरवून बसायची. चारचौघांत ती त्याला भावाचा खुनी म्हणायची, आणि वामन मान खाली घालून म्हणायचा, "हाय खरा."