रोजचीच गोळी

वैनी गेल्याचा निरोप गावाकडून, तेरहून आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. ताटावरून उठलो नाही. पिकलं पान, बाई सुटली, असं घरातले म्हणाले. ती कधीच सुटली नव्हती हे मला ठाऊक होतं, कारण तिला अडकवणारा मीच.

माझा थोरला भाऊ, आबा, अफू खायचा. निजामाच्या राज्यात ती दुकानात मिळे आणि कुणाला त्याचं काही वाटत नसे. पोटशूळावर म्हणून सुरू झाली. शूळ गेला, अफू राहिली. दुपारच्या जेवणानंतर वैनी आपल्या हातानं गोळी करून द्यायची, तिच्या बोटांना माप पाठ होतं. आबा वाळत चालला होता, चार-चार दिवस पोट साफ होत नसे, बोलता बोलता पेंगायचा. आणि निजामाचा दारूचा महसूल बुडावा म्हणून चळवळीत शिंदीची झाडं तोडायला मात्र हाच पुढं! अफूबाज शिंदीवर उठला म्हणून गाव हसलं. पोलिसांनी धरून नेलं.

तुरुंगात अफू कुठली? पहिले आठ-दहा दिवस नाका-डोळ्यांतून पाणी, जुलाब, पायांत असे गोळे की भिंतीवर लाथा झाडायचा... हे त्यानंच घरी परतल्यावर जेवता जेवता सांगितलं. मग अफू सुटली. सात-आठ महिन्यांनी चालत घरी आला तो अंगानं भरलेला, हसरा. असा आबा मी पाहिलाच नव्हता. चालून अंग मात्र ठेचल्यासारखं झालं होतं. जेवण झाल्यावर वैनीनं जपून ठेवलेल्या अफूची गोळी केली. तो म्हणाला, "आता नगं वाटतंय." ती म्हणाली, "रोजचीच हाय की. अंगदुखी तरी जाईल." तिचं मन त्याला मोडवेना. थोड्या वेळानं घोरू लागला. घोरणं मधेच थांबे, पुन्हा येई. मी म्हणालो, किती दिवसांनी घरी निजलाय, निजू द्या. दिवेलागणीला हाक मारली, तर ओठ निळे पडलेले...

पोलिसांचा मार आतल्या आत लागला, असं गावानं ठरवलं. वैनीनंही तेच धरलं आणि त्याच्यावर ती जगत होती. पुढं मी सोलापूरला एका दवाखान्यात कंपाउंडर झालो. तिथल्या डॉक्टरांनी मला समजावलं, की सवय तुटलेल्या शरीराला जुनी मात्रा विष होते, श्वासच मंदावत जातो. झालं, मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा! दिवाळीला गेलो तेव्हा वैनी शेजारणीला तो मार सांगत होती. मी तिथल्या तिथं तिची चूक दाखवली, मार नव्हे, अफूनं गेला. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "म्हंजी, म्या दिली त्यानं?"

त्या दिवसापासून तिनं कुणाला हातानं वाढलं नाही. भाकरीचं टोपलं पुढं सारायची, "तुमचं तुमी घ्या." पोटच्या पोरालासुद्धा. परकी माणसं तिला माजोरी म्हणायची. निजू द्या म्हणणारा मीच होतो, हे मी एकदा तिच्या पाया पडून बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि टोपलं माझ्यापुढं सारलं. मला स्वतःची शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

शेवटचा भेटलो तेव्हा दुखणं तिच्या हाडांत शिरलं होतं. डॉक्टरांनी दिलेली वेदनेवरची गोळी मी पाण्याबरोबर तिच्या तोंडाशी नेली. तिनं मान फिरवली.

"तितं ठिवा, भावजी. माझी म्या घीन. उद्या काय झालं, तर जलमभर तुमाला वाटायचं, माझ्या हातानं झालं."

मी गोळी उशाशी ठेवली. तिचे दोन्ही हात तेव्हा उचलत नव्हते.