किनाऱ्यावरची काही घरे

रविवार, १२ सप्टेंबर १९६५, सकाळी दहा वाजता बाजारात सभा सुरू झाली. पाकिस्तानशी युद्ध चालू होते. पुढारी बाहेरचा होता. पाऊण तास बोलला. किनाऱ्यावरच्या काही घरांची नाळ सीमेपलीकडे आहे आणि तेथून शत्रूला दिव्यांच्या खुणा होतात, असे त्याने सांगितले. धर्माचे नाव घेतले नाही. घ्यावे लागले नाही.

मी शाळामास्तर होतो आणि वाचनालयाच्या ओसरीवरचा बातम्यांचा फळा रोज लिहीत असे. फळ्यावर जे चढे, ते गाव खरे मानी. अकरा वाजता मी पुढाऱ्याचे ते वाक्य सुवाच्य अक्षरात लिहिले. 'असे वक्ते म्हणाले' हे शब्द जागेअभावी गाळले.

बाराच्या सुमारास खाडीवरचा तारी ओसरीवर माझ्याकडे आला. माणसे होडीतून पैलतीरी पोचवण्याचे काम त्याच्या मुसलमान घराकडे तीन पिढ्या होते. त्या दिवशी सभेहून परतणारी माणसे धक्क्यावर उभी होती आणि होडीत कोणी पाय ठेवत नव्हते. हे काम दुसऱ्या कोणाला द्यावे, अशी बोलणी तेथेच सुरू झाली होती.

त्याला वाचता येत नसे. "मास्तरांनू, फळ्यार काय लिवलास, ता माका वाचून दाखवा."

मी वाचले.

"हेच्यात माझा नाव खंय आसा?"

"कुठेच नाही."

"मगे लोकांका ता गावला कसा?"

धक्क्याच्या खांबावर कंदील लावण्याचे काम गावानेच त्याला दिले होते. दिवे झाकण्याचा हुकूम आला तेव्हा तो मीच त्याला वाचून दाखवला, आणि त्याने माझ्यादेखत कंदील उतरवला. फळा लिहिताना हे मला ठाऊक होते.

मी ते वाक्य पुसले. ओसरीवर बसलेल्यांपैकी एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "पुसल्यान बघ. म्हणजे काय तरी आसतलाच."

"वरसून हुकूम इलो आसतलो," दुसरा म्हणाला.

पुसल्याने संशय पक्का झाला होता. नवे वाक्य लिहिण्यासाठी मी हात उचलला, परंतु कोणते लिहावे ते सुचेना. ओसरीवर थांबणे अशक्य झाले. मी धक्क्यावर गेलो आणि होडीत बसलो. पलीकडे माझे काम नव्हते. गेलो, न उतरता परत आलो. धक्क्यावरची माणसे पाहत होती. मी पुन्हा गेलो, पुन्हा आलो. ऊन चढले होते. मला एका जागी नीट बसवत नव्हते, होडी डोलू लागली, तेव्हा तारी एवढेच म्हणाला, "गप बसा मास्तरांनू, बुडवशात."

तिसऱ्या खेपेला मासळी विकणारी एक बाई टोपली घेऊन पुढे झाली.

"खंय चल्लस गो?" मागून कोणी विचारले.

"तुमी रवा रे हंयसर देशाची राखण करीत. माझो बांगडो कुसाक लागलो." मग तारीकडे वळून म्हणाली, "चल रे, वल्हव. शत्रू इलोच तर ह्या वासान परत जातलो."

तारी हसला नाही. त्याने वल्हे पाण्यात घातले. धक्क्यावरून आणखी कोणी आले नाही.

पलीकडे चिखल होता. बाई आधी उतरली. मी टोपली उचलून तिच्या डोक्यावर दिली.