पठारावरच्या शाळेची टाकी

नोएमी इतुरिओसला आमच्या संस्थेत ‘भंगारवाली’ म्हणायचे. तोंडावर नाही, कॅन्टीनमध्ये. जगभरचे संशोधक हायड्रोजन साठवायला हलक्यात हलका पदार्थ शोधत होते, कारण सगळ्यांना तो मोटारीत बसवायचा होता. आणि ही बाई निकेलच्या जड मिश्रधातूची काळी पूड घेऊन बसली होती. स्पंज पाणी पितो तशी ती पूड हायड्रोजन पिते, जरा कोमट केली की परत देते. गुणाची होती, पण चिमूटभर वायूसाठी पोतंभर धातू लागायचा.

मी त्याच प्रयोगशाळेत फ्युएल सेलवर काम करायचो. तिने साठवायचं, मी त्याची वीज करायची, अशी वाटणी.

“नोएमी, तुझ्या गाडीला चाकं लावायची की रणगाड्याचे पट्टे?” मी एकदा विचारलं.

येर्बाच्या, म्हणजे आमच्याकडच्या कडू पाल्याच्या चहाच्या, तुंब्यातली नळी तोंडातून न काढता ती म्हणाली, “गाडी हवीय कुणाला, रेनाल्दो? मला शाळेत बसवायचंय. शाळा कुठे पळून जाणार आहे?”

ती म्हणत होती ती पठारावरची वसतिशाळा. आमच्या सान लेआन्द्रो शहरातून सकाळी निघालं की खडीच्या रस्त्याने पोचेपर्यंत संध्याकाळ होते. मेंढपाळांची मुलं तिथे आठवडेच्या आठवडे राहतात. नोएमी स्वतः अशाच शाळेत वाढलेली. बाप कुंपणं घालायचा, आज या इस्टेटीवर, उद्या त्या. जनरेटरचं डिझेल संपलं की थंडीत सगळ्या मुली दोन पलंगांवर कशा झोपायच्या, हे ती हसत सांगायची. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

आमच्याकडे वारा माणसाला उभं राहू देत नाही, पण ऐन थंडीत, नको तेव्हा, तो पडतो. नोएमीचा बेत साधा होता. वाहत्या वाऱ्याच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, पुडीत मुरवून ठेवायचा, आणि वारा पडला की माझ्या सेलमधून त्याची वीज करायची. सेल चालताना तापतो, त्याच उबेने पूड वायू सोडते. वजनाची चिंताच नाही; पुडीची टाकी जमिनीवर बसून राहणार.

आम्ही शाळेत पोचलो तेव्हा मुख्याध्यापिका सुलेमा नाउएलपान दारातच उभ्या होत्या. आम्हाला आत या म्हणाल्या नाहीत.

“डॉक्टरबाई, आधी सूर्याची चूल आली, मग बॅटऱ्या आल्या. दोन्ही मागच्या अंगणात आहेत. कोंबड्या बसतात त्यांवर. तुमच्या टाकीवर काय बसवू, बदकं?”

“मी बसेन,” नोएमी म्हणाली.

आणि ती खरोखर राहिली. संस्थेतून हक्काची रजा काढून अख्खा हिवाळा तिने मुलींच्या खोलीशेजारच्या कोठारात काढला. झडपा गोठल्या, नळीला गळती लागली, एकदा तर मीच तारा उलट्या जोडल्या आणि तिने मला पोरांसमोर झापलं. पण जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, वारा पडला तेव्हा शाळेत दिवे होते. स्वयंपाकघरातला पंप चालला, आणि जनरेटरचा आवाज नसल्यामुळे वर्गात मुलांना एकमेकांची कुजबूज ऐकू यायला लागली. हायड्रोजनची वीज होताना सेलमधून थेंब थेंब पडणारं पाणी सुलेमाबाईंनी किटलीत धरलं, त्याची येर्बा केली, पहिला घोट स्वतः घेतला.

“चव नाही तुमच्या पाण्याला,” त्या म्हणाल्या, आणि तुंबा भरून नोएमीच्या हातात दिला. त्यांच्याकडून याहून मोठी पावती मिळणार नव्हती. नोएमी एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती.

गाजावाजा झाला. पाठोपाठ बेल्त्रामे आला. हा प्रांताच्या ऊर्जाखात्यातला उपसचिव, बोलायला गोड. पोरांना कडेवर घेऊन फोटो झाले आणि मग त्याने मुद्दा काढला: राजधानीत प्रदर्शन आहे, टाकी आठवडाभर हवी.

“ती चालू आहे,” नोएमी म्हणाली. “चालू असलेली वस्तू प्रदर्शनात कशी नेणार?”

“डॉक्टरबाई, चालू आहे म्हणूनच तर!”

तिने नकार दिला. बेल्त्रामेने आमच्या संचालकांना फोन केला. संचालक म्हणाले, आठवड्याचा तर प्रश्न आहे, कशाला वाकड्यात शिरतेस. टाकी ट्रकवर चढली. सोबत जायला निघालेल्या नोएमीला गाडीत जागा नाही असं सांगितलं. तिने टाकीवर मोठ्या लाल अक्षरांत ‘उघडू नये’ असं रंगवलं आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत फाटकाशी उभी राहिली.

आठवडा गेला. महिना गेला. शेवटी आम्ही दोघं माझ्या गाडीने राजधानीत पोचलो.

टाकी मंडपात मधोमध होती. करवतीने उभी चिरलेली. आतून निळा रंग मारला होता, बारीक दिवे लावले होते, वर प्रांताचं बोधचिन्ह. ‘उघडू नये’मधली अर्धी अक्षरं एका फाकेवर, अर्धी दुसरीवर.

नोएमीने तिथल्या मुलीला विचारलं, “आतली पूड कुठे आहे?”

“ती काळी माती? सांडत होती म्हणून कचऱ्यात टाकली. आणि माहितेय, तिने पेटच घेतला! बंब बोलवावा लागला.”

पेटणारच. हायड्रोजन प्यायलेल्या त्या पुडीला एकदम हवा लागली की ती तापते. हे आमच्याकडे झाडूवाल्यालाही ठाऊक होतं, पण आम्हाला विचारलं कुणी?

बेल्त्रामे शेजारच्या दालनात पाहुण्यांबरोबर होता. नोएमी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“टाकी कुणी कापली?”

“आता कुणी-काय यात कशाला पडायचं? लोकांना आतलं दिसायला हवं होतं.”

“आत बघण्यासारखं काही नसतं. ती काम करते, बस्स.”

“बघा, म्हणजे दाखवायला काहीच नव्हतं,” तो हसून म्हणाला. “म्हणून तर कापावी लागली!”

आगीची चौकशी झाली. अहवालात कापणाऱ्याचं नाव नव्हतं. ‘डॉक्टर इतुरिओस यांच्या उपकरणातील पदार्थाने पेट घेतला’ एवढंच होतं. लगेच आदेश निघाला, प्रांतातल्या कुठल्याही शाळेत हायड्रोजनचं यंत्र बसवायचं नाही.

ही बातमी सांगायला नोएमी स्वतः पठारावर गेली. मी बरोबर होतो. जनरेटर आधीच परत अंगणात आला होता. सुलेमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“पोरांना सांगा, प्रयोग फसला,” नोएमी म्हणाली.

“फसला नव्हता ना पण?”

“नव्हता.”

“मग खोटं का सांगू? चांगलं चाललं होतं म्हणून नेलं, असंच सांगते. मोठेपणी उपयोगी पडेल.”

नोएमीने पुढे बरेच अर्ज केले. मिश्रधातू बाहेरून मागवावा लागे, परवानगी मिळेना. तिच्या खोलीत संगणक विभाग आला. निवृत्तीपर्यंत ती दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासत राहिली, आणि तेही इतक्या कठोरपणे की पोरं तिला टाळायला लागली.

मग अचानक हायड्रोजनला सोन्याचे दिवस आले. परदेशी कंपनी किनाऱ्यावर पवनचक्क्या उभारणार, आमचा वारा जहाजांत भरून युरोपला जाणार. करारावर सह्या करायला मोठा समारंभ झाला. बेल्त्रामे आता सचिव होता. त्याने नोएमीला ‘आपल्या हायड्रोजनची माता’ म्हणून व्यासपीठावर बोलावलं, शाल पांघरवली, माईक हातात दिला.

“पठारावरच्या शाळेत अजून डिझेल जळतं,” नोएमी म्हणाली. “टाकी या माणसाने कापली.”

बेल्त्रामेने तिच्या खांद्यावर हात टाकला, माईक हळूच काढून घेतला. “ऐकलंत? या वयातही ही धग!” तो म्हणाला. सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. परदेशी पाहुणेही उठले; त्यांना तिचं बोलणं भाषांतर करून कुणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या वर्षी शाळा बंद झाली. कुटुंबं खाली शहरात उतरली, मुलंच उरली नाहीत. सुलेमाबाई सान लेआन्द्रोच्या वरच्या वस्तीत भाड्याने राहायला आल्या. तिथे गॅसची नळी नाही, लाकडं जाळतात. त्यांचं सामान आणायला म्हणून आम्ही छोटा ट्रक घेऊन गेलो.

कोठारात माझा फ्युएल सेल तसाच होता. धूळ पुसून मी झाकण काढलं. आतला पडदा सुकून चिरला होता, पण बाकी ठीक वाटला.

“नेऊ या,” मी म्हणालो. “नवा पडदा घातला की चालेल.”

“कशाला?” नोएमीने विचारलं.

मी झाकण परत लावलं. सुलेमाबाई बाहेरून हाक मारत होत्या, ट्रकमध्ये जागा कमी पडत होती. सेल तिथेच ठेवून आम्ही दोघांनी लोखंडी पलंग उचलला, आणि उरलेल्या जागेत कोठारातली लाकडं भरली.