खिशातली खडीसाखर

बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणाऱ्याची सगळी इस्टेट म्हणजे वरचे समोरचे दोन दात. वाद्याचं टोक त्यांच्यावरच टेकतं. मागे एका जोडीदाराचा दात पडला, तर बँडमास्तरने त्याच्या हातात झांजा दिल्या. बँडवाले ज्याला 'फुंकर' म्हणायचे, त्या आमच्या काकाला ते चांगलंच आठवत होतं. म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईने आरसा आत घातला तेव्हा त्याने खुर्चीचा दांडा गच्च धरला.

"एकाला खड्डा पडलाय. भरून वाचेल. शेजारच्यावर पांढरा डाग आलाय, तिथं कीड सुरू होतेय."

"मी तर रोज कडुनिंबाची काडी चावतो," काका म्हणाला. "वर लवंगेचं मंजन."

"काडीनं मळ निघतो, चांगलंच आहे. पण त्या डागाला टणक करायचं तर फ्लोराइडची पेस्ट लागेल, दोन्ही वेळा. गोड किती खाता?"

"शिवत नाही."

दारापाशी बसलेली काकू म्हणाली, "कोटाच्या खिशाला मुंग्या कशानं लागतात मग?"

"ती खडीसाखर. घसा कोरडा पडतो, वाजवताना गालात धरतो. ते काय गोड खाणं झालं?"

डॉक्टरीणबाईने आरसा खाली ठेवला. "काका, म्हणजे दिवसभर साखरेच्या पाण्यात दात भिजत घालता."

खड्डा भरला. शेजारच्या दाताचं पुढच्या खेपेला ठरणार होतं. डाग फुटून खड्डा पडला तर तोही कोरायचा, आणि पोखरलेल्या दाताचा काय भरवसा.

घरी काकू मोरीपाशी पहारा द्यायला लागली. काका पेस्ट लावायचा आणि सवयीने तांब्याकडे हात जायचा.

"नुसतं थुंका. खळखळून चूळ भरली तर औषध गेलं की गटारात."

"तोंडात फेस घेऊन झोपू?"

"झोपा. तेवढंच घोरणं कमी होईल."

पुढच्याच कार्यक्रमात काकाने एकट्याने वाजवायचा तुकडा आला आणि घसा सुकला. हात खिशात जाईना. काकूने खिसा टाके घालून बंद केला होता. मास्तर काठी उचलून त्याच्याकडेच बघत होता. काकाने खुर्चीखालची पाण्याची बाटली ओढली, एक घोट घेतला, टोक दातांखाली धरलं. पहिला सूर चिरकला. मास्तरच्या भुवया चढल्या. दुसरा मात्र सरळ निघाला आणि काकाने तो धरून ठेवला.

तीन-चार महिन्यांनी पुन्हा दवाखान्यातली ती खुर्ची. डॉक्टरीणबाईने हवेने दात कोरडा केला, दिवा जवळ ओढला, वाकून बघत राहिली. काकूने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले, परत गुंडाळले.

"डाग आहे, पण गुळगुळीत झालाय. कीड थांबलीय. आता असंच चालू ठेवा."

जिना उतरताना काकाने कोट चाचपला. "आता तरी खिसा उसव."

"उसवते की," काकू म्हणाली. "झांजा कधीपासून वाजवताय ते सांगा."